चिखल वाळायच्या आत : इंदूरच्या नव्या फोर बाय फोर मालकांसाठी

पहिला पाऊस पडला की इंदूरहून चोरल, मानपूर, जानापावच्या बाजूला निघणाऱ्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या गाड्या, थार, जिम्नी, गुरखा आणि हौसेने घेतलेल्या जुन्या जिप्सी दर वर्षी वाढताना दिसतात. चिखलात गाडी कशी काढायची हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. रविवारी संध्याकाळी ती घरी आली की पुढे काय करायचं, हे सांगणारे फार थोडे. गाडीचं बरंचसं नुकसान मात्र त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतच होतं. माळव्याची काळी माती ओली असताना फुगते आणि चिकटते, वाळताना आकसते आणि जिथे असेल तिथे घट्ट धरून बसते. रिमच्या आत, ब्रेकच्या ड्रममध्ये, रेडिएटरच्या जाळीत ती वाळू दिली की खर्च ठरलेला. म्हणून या लेखात परतल्यानंतरच्या कामाला जास्त जागा दिली आहे, आणि बाकीच्या पायऱ्याही त्याच नजरेने लिहिल्या आहेत.

गाडी नवी असतानाच खालून बघा

उंच गाडीचा एक फायदा असा, की जॅक न लावताही माणूस खाली सरकू शकतो. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे द्या, खाली ताडपत्री अंथरा आणि टॉर्च घेऊन अर्धा तास बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही जाऊ नका, एका मिनिटासाठीही नाही.

इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आणि मागचं-पुढचं डिफरन्शियल, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला हाउसिंग म्हणतात ते, या प्रत्येकाचा तेल भरायचा आणि तेल काढायचा बोल्ट ओळखून ठेवा. पुढे कधी स्वतः तेल बदललंत तर भरायचा बोल्ट आधी उघडायचा. तो गंजून जाम झालेला असेल आणि तुम्ही तेल आधीच काढून टाकलं असेल, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही.

मग हाउसिंगवरून वर जाणारी बारीक नळी शोधा. ती ब्रीदर. तेल तापलं की हवा तिथून बाहेर जाते, थंड झालं की आत येते. तिच्या तोंडाशी माती बसली की काय होतं ते पुढे पाण्याच्या भागात येईल. हाउसिंगकडे ताकद नेणारा लांब दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर, ग्रीसचं निपल आहे का बघा. काही गाड्यांत ते सीलबंद असतात आणि मग ग्रीसचा प्रश्नच येत नाही. पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर असतील, जशी २०२० नंतरच्या थारमध्ये आहेत, तर ॲक्सलच्या दोन्ही टोकांना रबरी बूट दिसतील. जिम्नीचे पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल सलग आहेत, जुन्या जिप्सीत तसेच सलग ॲक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेले. तुमच्या गाडीची रचना कोणती हे एकदा कळलं की मिस्त्री काय म्हणतोय ते समजायला लागतं.

ओढण्याचे हुक नीट ओळखा, कारण यातल्या चुकीने माणसं जखमी होतात. चॅसिसला बोल्टने घट्ट बसवलेला, कंपनीने पुस्तिकेत दाखवलेला हुकच ओढण्यासाठी असतो. गाडी ट्रकवर बांधून आणण्यासाठी दिलेले बारीक कडे वेगळे असतात, ते झटक्याने उपटून येतात.

शेवटी बॉनेट उघडून इंजिन हवा कुठून घेतं ते बघा. त्या तोंडाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. या सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चार महिन्यांनी एखाद्या जागी तेलाचा ओलावा दिसला, तर तो पहिल्यापासून होता की नवा आहे हे फोटोच सांगतील.

पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असतं. धूळ, चिखल, पाणी, ओढकाम यांसाठी सर्व्हिसची मुदत तिथे कमी केलेली असते. महिन्यातून एकदा जरी कच्च्या रस्त्यावर जात असाल तर तुमचं वेळापत्रक तेच, शहरी गाडीचं नाही.

टायर

पैसे आधी कुठे घालायचे असं कुणी विचारलं तर माझं उत्तर टायर, हवेचा मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर. बाकी सगळं नंतर.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते. डांबरावर तोच आकडा. स्वतःचा मीटर ठेवा, कारण पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत. मोजणी टायर गार असताना, सकाळी.

कच्च्या रस्त्याला लागल्यावर हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, आणि गाडीच्या सांध्यांना बसणारे हादरे कमी होतात. खडीच्या वाटेवर २५-२६ पीएसआय, चिखलात २० च्या आसपास, हा सुरुवातीसाठी बरा अंदाज. १५ च्या खाली जाऊ नका. साध्या रिमवरून टायर निसटू शकतो. आपल्याकडे एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते. चोरलच्या बाजूच्या ओढ्यांत काळा बेसाल्ट आहे आणि त्याच्या फुटलेल्या कडा धारदार असतात. हवा फार कमी असली की टायरचा बाजूचा भाग बाहेर फुगतो आणि नेमका तिथेच दगड लागतो. दगडाळ ओढ्यात २२-२४ च्या खाली न जाणं शहाणपणाचं.

बाजूचा भाग फाटला तर तो टायर गेला. पंक्चरची दोरी फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या भोकासाठी असते. ती घालायची पद्धत सोपी आहे. खिळा कोणत्या कोनात गेलाय ते बघून काढायचा, त्याच कोनात कानशीसारखी सुई फिरवून भोक साफ करायचं, दोरी दुसऱ्या सुईत ओवून, चिकट द्रव लावून दोन तृतीयांश आत ढकलायची, सुई झटकन बाहेर ओढायची आणि उरलेली टोकं कापायची. मग हवा भरून तिथे थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचे. घराच्या अंगणात जुन्या टायरवर हे दोनदा करून बघा, म्हणजे पावसात हात थरथरणार नाहीत.

डांबर लागायच्या आधी हवा परत भरायची. कमी हवेच्या टायरने ए. बी. रोडवर ८० ने गाडी पळवली की टायर आतून तापतो आणि फुटतो. कॉम्प्रेसर थेट बॅटरीच्या चिमट्यांवर चालणारा घ्या. लायटरच्या खाचेतून चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्रेसरने फ्यूज उडतो. भरताना इंजिन चालू असू द्या.

स्टेपनी त्याच मापाची, आणि तिच्यातही हवा. फोर बाय फोरमध्ये चार चाकांचा घेर सारखा असणं फार महत्त्वाचं आहे. तीन झिजलेले आणि एक कोरा टायर अशी जोडणी ट्रान्सफर केसला महागात पडते, म्हणून पाचही टायर आळीपाळीने फिरवत राहा. चाक काढून पुन्हा लावलं की नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

पहिल्या वर्षी फक्त चिखलासाठीचे, खोल नक्षीचे टायर घेऊ नका. गाडी आठवडाभर पलासिया ते विजयनगर अशीच धावणार असते. ते टायर ओल्या डांबरावर उशिरा थांबतात आणि आवाज करतात. दोन्हीकडे चालणारे एटी टायर इथल्या वापराला पुरतात.

दुसरा दांडा

दुसरा दांडा म्हणजे ट्रान्सफर केसचा. टू हायमध्ये दोनच चाकांना ताकद मिळते, फोर हायमध्ये चारही चाकांना, आणि फोर लोमध्ये चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर. आपल्या बाजारातल्या या गाड्यांत बहुतेक पार्ट टाइम फोर बाय फोर असतं. म्हणजे फोर हाय लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत हा फरक चाक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो. स्टीअरिंग जड होतं, गाडी अडखळते. म्हणून कोरडं डांबर म्हणजे टू हाय, हा नियम पाळा.

फोर लो लावताना गाडी थांबवा, गिअर न्यूट्रलला घ्या, मग दांडा. बाहेर निघताना तो अडकला तर जोर लावू नका. दोन-चार फूट सरळ मागे जा, ताण सुटतो आणि दांडा हलतो.

उलट बाजूची चूकही होते. वर्षभर फोर हाय लावलंच नाही तर आतल्या भागांपर्यंत तेल पोचत नाही आणि ऐन वेळी ते लागत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर हायमध्ये चालवा.

क्लचबद्दल एवढंच. चिखलात अर्धा क्लच दाबून इंजिन ओरडवणं ही नव्या माणसाची सवय, आणि त्यातच प्लेट जळते. जळका वास आला की थांबा, दहा मिनिटं थंड होऊ द्या, फोर लोमध्ये क्लच पूर्ण सोडून हळू निघा. फोर लो त्यासाठीच दिलेलं असतं.

पाणी

थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर आणि गुरखाच्या ७०० मिलिमीटर पाण्याच्या खोलीचा आकडा दिलेला असतो. तो आकडा शांत पाण्याचा, सावकाश चालीचा आणि तळ सपाट असल्याचा आहे. ओढ्यात यांपैकी काहीच हमखास नसतं.

आधी काठी घेऊन पायी जा. पायाला ओढ लागत असेल तर परत फिरा. पाणी गढूळ असेल, पलीकडे चढायची वाट दिसत नसेल, तरी परत फिरा. आपल्या भागातले धबधबे आणि ओढे वरच्या बाजूला पाऊस पडला की इथे ऊन असतानाही अचानक भरतात. २०११ च्या जुलैमध्ये पातालपाणीला असंच पाणी वाढलं आणि माणसं वाहून गेली. गाडीचं वजन दोन टन असलं तरी वाहत्या पाण्यात ती उचलली जाते.

जायचं ठरलं तर एसी बंद करा, म्हणजे रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरणार नाही. पाण्यात वाकलेली पाती रेडिएटर फाडतात. पहिला किंवा दुसरा गिअर फोर लोमध्ये, चालण्याइतका वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. लांबून गाडी चालवत आल्यावर हाउसिंग तापलेलं असतं. ते एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर मातीने बंद असेल तर सीलमधून पाणीच आत ओढलं जातं. काठावर पाच-दहा मिनिटं थांबून मग उतरणं हा साधा उपाय आहे.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. हे वाक्य घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला पाठ करायला लावा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. स्टार्टर न मारता गाडी ओढून बाहेर काढली, एअर फिल्टर ओला आहे का बघितला, मिस्त्रीने प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर फेकलं आणि तेल बदललं, तर इंजिन बहुतेक वाचतं. एका चावीच्या फिरकीने हा खर्च हजारांतून लाखांत जातो.

अडकल्यावर

काळ्या मातीत चाक फिरतंय आणि गाडी पुढे जात नाही असं दिसलं की लगेच पाय काढा. आणखी फिरवलं की चाक खणत जातं, मग हाउसिंग मातीवर टेकतं आणि चारही चाकं निकामी होतात. खाली उतरा, चाकांपुढची माती फावड्याने उतरती करा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, चाकाखाली ट्रॅक्शन बोर्ड किंवा जाड फळ्या द्या, आणि जमलं तर आलात त्याच वाटेने मागे या. मागची वाट निदान दाबलेली असते.

आपल्याकडे सुटका बहुतेक वेळा ट्रॅक्टरनेच होते. गावातले काका ट्रॅक्टर घेऊन येतात, बहुधा लोखंडी साखळी घेऊन. साखळीला नम्रपणे नको म्हणा आणि स्वतःचा पट्टा द्या. साखळी तुटली की ती कुठे उडेल सांगता येत नाही. ट्रॅक्टरसाठी न ताणणारा सपाट पट्टा बरा. ताणली जाणारी कायनेटिक दोरी दोन गाड्यांमधल्या हलक्या झटक्यासाठी असते. शॅकल, म्हणजे पट्टा हुकला जोडायचं लोखंडी कडं, वजनाचा आकडा कोरलेलंच घ्या. आपल्या आकाराच्या गाडीला १९ मिलिमीटरचा, ४.७५ टन लिहिलेला शॅकल चालतो. पट्टा बंपरला, ॲक्सलला, स्टीअरिंगच्या रॉडला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला बांधू देऊ नका. तो गोळा ताणाखाली निसटला की गोळीसारखा सुटतो.

पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जड जॅकेट टाका. बघे लोक पट्ट्याच्या दीडपट अंतरावर, बाजूला. इशारा एकाच माणसाने द्यायचा. ट्रॅक्टरने आधी पट्टा नुसता ताठ करायचा, मग खालच्या गिअरमध्ये सावकाश ओढायचं. काकांना डिझेलचे पैसे विचारून द्या, आणि त्यांच्या बांधाला खड्डा पडला असेल तर निघण्याआधी तो बुजवा. जून-जुलैत शेतात सोयाबीन उगवत असतो. चाकोरी सोडून शेतात गाडी घालण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही. जंगलाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नका, रालामंडल तर अभयारण्यच आहे.

परत आल्यावर, त्याच संध्याकाळी

पहिलं काम डांबरावर लागताच. पुढे-मागे कुणी नाही बघून ब्रेक हलके दाबत शे-दोनशे मीटर जा. घासून उष्णता तयार होते, डिस्क आणि ड्रम वाळतात. भेरूघाट चढून येणार असाल तर एवढं पुरेल. पण निमाडच्या बाजूला उतरणार असाल तर ब्रेक पूर्ण धरतोय ही खात्री झाल्याशिवाय घाटात शिरू नका, आणि उतार खालच्या गिअरवर, इंजिनच्या अडकावावर उतरा. राऊ-खलघाट रस्त्यावरच्या गणेश घाटात ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षं किती अपघात झाले ते आपण वाचतच आलो आहोत.

शहरात शिरायच्या आधीच मोठा चिखल काढा. रस्ताभर ढेकळं पाडत राजवाड्यापर्यंत येणं २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या गावाला शोभत नाही, आणि मागच्या दुचाकीवाल्यासाठी ते धोक्याचंही आहे. बोअरिंगचं पाणी वापरणारं वॉशिंग सेंटर गाठा. घरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढवत आणलेलं असतं. ते चिखल धुवायला वापरू नये.

धुण्याचा क्रम असा ठेवा.

आधी नुसतं पाणी सोडून माती भिजू द्या. दहा मिनिटं. कोरड्या मातीवर जोराचा फवारा मारला की तिच्यातले खडे रंगावर घासले जातात.

मग चाकाच्या कमानी, रिमची आतली बाजू, खालचा लोखंडी पत्रा आणि चॅसिसच्या पोकळ्या. रिमच्या आत एका बाजूला माती राहिली तर दुसऱ्या दिवशी बायपासवर ७०-८० ला स्टीअरिंग थरथरतं, आणि लोक अलाइनमेंटचे पैसे देऊन येतात. थरथर दिसली की आधी रिमच्या आत हात फिरवा. खालचा पत्रा काढता येत असेल तर पावसाळ्यात दोनदा काढूनच धुवा, त्याच्या वर बादलीभर चिखल साठलेला असतो.

रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर कमी दाबाच्या पाण्याने, शक्य तितकं इंजिनच्या बाजूकडून बाहेर. समोरून जोराचा फवारा मारला तर जाळी वाकते आणि माती आणखी आत जाते. पुढच्या मे महिन्यात गाडी तापायला लागते, तेव्हा कुणाला जुलैतला चिखल आठवत नाही.

अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, वायरचे जोड, हाउसिंगची सीलं आणि ब्रीदर यांच्यावर मशीनचा फवारा थेट मारू देऊ नका. धुणाऱ्या मुलाला आधीच, दाखवून सांगा. जे पाणी ओढ्यात शिरलं नाही ते इथे शिरतं.

मागच्या ब्रेकचे ड्रम हा सगळ्यांत दुर्लक्षित भाग. थार आणि जिम्नी दोन्हींत मागे ड्रम आहेत. त्यांच्यात चिखल शिरला तर नुसतं बाहेरून धुऊन तो निघत नाही. खोल चिखलातून आला असाल तर त्याच आठवड्यात ड्रम उघडून साफ करवून घ्या. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून रात्रभर उभी करू नका. लायनर ड्रमला धरतो आणि सकाळी गाडी हलत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

दुसऱ्या दिवशी, उजेडात

गाडी वाळली की पुन्हा खाली जा आणि तुमचे जुने फोटो उघडा. रबरी बूट कुठे फाटलाय का, ग्रीस उडून आतल्या बाजूला लागलंय का? बूट फाटून आठवडा झाला असेल तर बूट बदलून भागतं. महिनाभर तसंच चालवलं तर माती जॉइंटमध्ये जाते, पूर्ण वळणावर कटकट आवाज येतो आणि मग अख्खा ॲक्सल बदलावा लागतो. शॉक ॲब्झॉर्बरवर तेल ओघळलंय का, ब्रेकच्या नळ्यांना दगड लागलाय का, एखादा बोल्ट चकाकतोय का हे बघा. चकाकणारा बोल्ट म्हणजे हलणारा बोल्ट.

चाकाच्या मध्यापेक्षा खोल पाण्यातून गेला असाल तर हाउसिंग, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचं तेल तपासलंच पाहिजे. रात्रभर गाडी उभी राहिली की पाणी तळाला बसतं. म्हणून तेल काढायचा बोल्ट जरा सैल करून थोडं तेल बाहेर येऊ द्या. आधी पाणी आलं किंवा तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. ते तेल त्याच दिवशी बदला, दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बघा, आणि ब्रीदरची नळी साफ करा. नळी उंचावर नेऊन बसवणं हा स्वस्तातला आणि सगळ्यांत उपयोगी बदल आहे. तेल घेताना पुस्तिकेत लिहिलेलाच दर्जा घ्या. हाउसिंगला बहुधा जीएल-५ लागतं. तेच गिअरबॉक्समध्ये ओतायचं नसतं, काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्यातली रसायनं खातात.

निपल असतील तर ग्रीसगनने जुनं, मळकट ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत भरा. पाणी जुन्या ग्रीसबरोबरच बाहेर येतं, म्हणून चार-पाच दाबांवर थांबू नका.

डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागला असेल तर घाबरून जाऊ नका. बहुतेकदा चाकाजवळच्या सेन्सरवर माती बसलेली असते. मऊ ब्रश आणि पाण्याने तो साफ करा. दिवा तरीही राहिला तर मोबाइलला जोडणारा साधा ओबीडी स्कॅनर लावून कोड वाचा आणि तो मिस्त्रीला सांगा. अंदाजाने पार्ट बदलण्याचे पैसे वाचतात. बेल्टची किंचाळी आणि अल्टरनेटरची घरघर मात्र पुढच्या रविवारपर्यंत ढकलू नका.

आणि पावसाळ्यात गाडी आठ दिवस उभी राहिली की बॉनेट उघडून वायरी बघा. उंदीर ओलाव्यातून सुटायला उबदार इंजिनवर येतात.

धूळ आणि काड

ऑक्टोबरनंतर शत्रू बदलतो. एअर फिल्टर दर फेरीनंतर काढून बघा, हलक्या हाताने झटका, आणि हवेचा फवारा मारायचा असेल तर आतून बाहेर, लांबून. कागद कुठे फाटलाय असं वाटलं तर उजेडाकडे धरा. डिझेल गाडीच्या इंधनाच्या फिल्टरखालच्या भांड्यातलं पाणी काढून टाकायची सवय लावा.

मार्चमध्ये गहू कापला की शेतांच्या कडेने सुकं काड पडलेलं असतं. ते खालच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरच्या आसपास अडकतं. तिथले भाग शेकडो अंशांवर तापतात, डिझेलच्या नव्या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करत असतो तेव्हा तर फारच. काडावरून गेलात की थोड्या अंतरावर थांबून खाली वाकून बघा, आणि काडावर गाडी उभी करू नका. सीटखाली दोन किलोचं पावडरचं अग्निशामक असू द्या. डिझेलच्या त्या फिल्टरसाठी आठवड्यातून एकदा गाडी बायपासवर सलग वीसेक मिनिटं बऱ्या वेगाने चालवा, नुसत्या शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तो भरतो.

मिस्त्री, विमा, कायदा

वॉरंटी असेपर्यंत सर्व्हिस कंपनीकडे आणि धुणं-बघणं स्वतः. वॉरंटीनंतर ट्रक आणि जीपची कामं केलेला मिस्त्री धरा. क्रॉस, बेअरिंग, पाटे यांची कामं ट्रान्सपोर्ट नगरातल्या हातांना सवयीची असतात. काढलेला जुना पार्ट नेहमी मागून घ्या आणि तो का गेला हे त्याच्याकडून समजून घ्या. पीथमपूरच्या कारखान्यांत काम केलेले काका-मामा आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहेत, त्यांना रविवारी चहाला बोलवून गाडीखाली एकदा बघायला सांगा. एवढं ज्ञान विकत मिळत नाही.

विम्यात इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते, साध्या पॉलिसीत पाण्याने बिघडलेलं इंजिन बहुधा बसत नाही, आणि बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून केलेलं नुकसान तर वादात अडकतंच. अपघात झाला तर गाडी हलवण्याआधी फोटो, मग कंपनीला फोन, सर्व्हेअर येऊन गेल्याशिवाय काही उघडायचं नाही. रस्त्यावरची मदतगाडी कच्च्या वाटेवर सहसा येत नाही हे धरून चाला.

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. पुढचे लोखंडी बुलबार तर केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले. ते लावल्याने टक्करीचा धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही. गाडी उंच करण्याचा किटही पहिल्या वर्षी नको. त्याने शाफ्टचे कोन बदलतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, आणि मूळ गाडी कशी वागते हे कळायच्या आतच ती दुसरी होते.

हे पैसे बाजूला ठेवा आणि त्यातून फावडं, पट्टा, दोन शॅकल, हवेचा मीटर, कॉम्प्रेसर, पंक्चरचं सामान, ग्रीसगन आणि हाउसिंगसाठी दोन लिटर तेल आणा. तेलाचा कॅन घरी राहू द्या, बाकी सगळं एका पेटीत घालून मागच्या सीटच्या पाठीशी पट्ट्याने बांधा. गाडी कलंडली तर सुटं फावडं डोक्यात बसतं.